विद्यापीठाचे संग्रहालय आणि आपल्या घरातील पेटी



संग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तलवारी, ढाली, राजेरजवाड्यांचे पोशाख आणि काचेच्या कपाटांतील नाणी उभी राहतात. सहलीच्या दिवशी रांगेने आत जावे, पाटीवरची दोन-चार नावे वहीत उतरवून घ्यावीत आणि बाहेर येऊन डबे सोडावेत, एवढाच आपला व संग्रहालयाचा संबंध. ते सरकारने उभारायचे, विद्वानांनी सांभाळायचे आणि आपण फक्त पाहायचे, अशी आपली समजूत झाली आहे. ही समजूत बरोबर आहे काय? या लेखात मी या प्रश्नाचा विचार विशेषतः विद्यापीठांच्या संग्रहालयांपुरता करणार आहे. कारण आपल्या मुलामुलींचा शिक्षणाशी असलेला संबंध तेथे सर्वांत जवळचा आहे.

विद्यापीठाचे संग्रहालय हे इतर संग्रहालयांहून थोडे वेगळे असते. तेथील वस्तू नुसत्या दाखवण्यासाठी नसतात. त्या शिकवण्यासाठी आणि संशोधनासाठी असतात. एखादे खापर कपाटात मांडलेले असते, तसेच त्याचे शेकडो भाऊबंद आतल्या खोलीत क्रमांक घालून ठेवलेले असतात आणि विद्यार्थी ते हातात घेऊन अभ्यासतात. म्हणून अशा संग्रहालयाला नव्या वस्तूंची, नव्या माहितीची आणि नव्या माणसांची गरज सतत असते.

युरोपातील एका फार जुन्या विद्यापीठीय संग्रहालयाचीच गोष्ट पाहा. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाचे ॲशमोलियन संग्रहालय १६८३ मध्ये लोकांसाठी उघडले. एलायस ॲशमोल या गृहस्थांनी आपला संग्रह विद्यापीठाला दिला, म्हणून त्यांचे नाव संग्रहालयास मिळाले. परंतु त्या संग्रहाचा मोठा भाग मुळात जॉन ट्रेडेस्कंट नावाच्या पिता-पुत्रांनी जमवलेला होता. हे दोघे व्यवसायाने बागवान होते. झाडांच्या व बियांच्या शोधात ते देशोदेशी हिंडले आणि येताना चमत्कारिक, दुर्मिळ वस्तू घरी आणत गेले. बागवानांच्या घरात जमलेल्या वस्तूंवर एका जगप्रसिद्ध संग्रहालयाचा पाया घातला गेला.

आपल्या महाराष्ट्रातही असेच घडले. पुण्याच्या येरवडा भागातील डेक्कन कॉलेजचे नाव आपण ऐकले असेल. १८२१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या पाठशाळेपासून या संस्थेचा इतिहास सुरू होतो. १८६४ मध्ये तिला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले आणि सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीच्या साहाय्याने १८६८ मध्ये ती येरवड्याच्या आजच्या इमारतीत आली. १९३४ मध्ये कॉलेज बंद पडले. परंतु १९३९ मध्ये ते पदव्युत्तर अध्ययन व संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले आणि १९९० मध्ये त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. येथे दोन संग्रहालये आहेत. एक पुरातत्त्वाचे व दुसरे मराठ्यांच्या इतिहासाचे.

यातील दुसऱ्या संग्रहालयाचा जन्म साताऱ्यात झाला. रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस हे इतिहासाच्या वेडाने झपाटलेले गृहस्थ होते. जुन्या घराण्यांकडे जावे, त्यांची मने वळवावीत आणि वाड्यांतील कागद, चित्रे, नकाशे मिळवावेत, हा त्यांचा आयुष्यभराचा उद्योग होता. वाईजवळील मेणवली येथे असलेले नाना फडणविसांचे दप्तरही त्यांनी मिळवले. साताऱ्यात त्यांच्या संग्रहाचे संग्रहालय झाले. १९२६ मध्ये पारसनीस वारले आणि पुढे १९३९ मध्ये हा संग्रह डेक्कन कॉलेजकडे आला. आज पेशवाईच्या कारभारावर कोणी प्रबंध लिहावयास घेतला, तर त्याला या कागदांकडे वळावे लागते. आणि हे कागद एके काळी कोठे होते? कोणाच्या तरी माळ्यावर, कोणाच्या तरी पेटीत, रुमालात बांधलेले!

कागद बोलतो, तशी मातीही बोलते. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर हेन्री हेरास या स्पॅनिश धर्मगुरूंनी १९२६ मध्ये इतिहास-संशोधनाची संस्था काढली व तिच्यासाठी वस्तूही जमवल्या. त्यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया १९३९ मध्ये डेक्कन कॉलेजात आले. महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांपासून सुरू होतो असे तोवर शिकवले जात असे. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी नाशिक, जोर्वे, नेवासे, इनामगाव अशी एकामागून एक स्थळे खणली आणि हा इतिहास हजार-दीड हजार वर्षे मागे नेला. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन झाले. घोड नदीच्या काठी इ. स. पूर्व १६०० ते ७०० च्या सुमारास राहणाऱ्या शेतकऱ्यांची घरे, चुली, धान्याचे कोठार, शेताला पाणी नेणारा पाट असे सारे गावच तेथे उजेडात आले. चार पायांच्या मातीच्या रांजणात बसत्या स्थितीत पुरलेला एक माणूसही तेथे सापडला. राजाचे नाव नाही, लढाई नाही, तरी तो आपल्या मातीचा इतिहास आहे.

विद्यार्थ्यांनी येथे एक नाव लक्षात ठेवावे. नेवासे, नावडातोली आणि इनामगाव या तिन्ही उत्खननांच्या अहवालांवर सांकलियांच्या नावाजवळ डॉ. झेड. डी. अन्सारी यांचे नाव छापलेले आहे. द्वारकेच्या उत्खननाचा १९६६ चा अहवाल अन्सारी व माटे या दोघांच्या नावावर आहे. हे क्षेत्र आपले नव्हे, असे कोणी म्हणाले तर त्याला हे अहवाल दाखवावेत.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. अलिबागजवळचे चौल आपल्याला परके नाही. अरब प्रवासी मसूदी इ. स. ९१६ च्या सुमारास तेथे आला होता. चौलला तो सैमूर म्हणतो. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, काही सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले व काही याच भूमीत जन्मलेले, असे त्याने लिहून ठेवले. त्यांच्यावर राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता व त्याला ‘हुनरमन’ म्हणत, हेही तो सांगतो. म्हणजे हजार-अकराशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर आपली वस्ती होती, व्यापार होता आणि राजदरबारी मान होता. परंतु प्रवाशाचे लिहिणे हा एक पुरावा झाला. त्याला जमिनीतील पुराव्याची जोड हवी. डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे यांनी सहकाऱ्यांसह चौल येथे उत्खनन केले आणि हे बंदर सातवाहन काळापासून गजबजलेले होते हे दाखवून दिले. गोगटे हे रसायनशास्त्राच्या अंगाने पुरातत्त्वाचा अभ्यास करणारे संशोधक. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट मनात नोंदवून ठेवावी.

तळ्याच्या बाजूला मांदाडच्या खाडीवर कुडे गावची २६ लेणी आहेत. आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिली असतील. सुमारे अठराशे ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या तेथील शिलालेखांत मांदाडच्या महाभोज घराण्यातील माणसांची नावे आहेत, तशीच एका माळ्याची व एका लोखंडाच्या व्यापाऱ्याची देणगीही कोरलेली आहे. साध्या कष्टकरी माणसाने काहीतरी दिले आणि ते नोंदले गेले, म्हणून आज त्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे. ज्याची नोंद झाली नाही, तो मात्र कायमचा गेला.

मला सांगावयाचे आहे ते हेच. कोकणातील मुसलमानांचा इतिहास पुष्कळ आहे, परंतु त्याची नोंद थोडी आहे. ती थोडी असण्याचे कारण विद्वानांचे दुर्लक्ष एवढेच नाही. आपल्या पेट्या आपण उघडलेल्या नाहीत, हेही आहे. आपल्या घरांत काय काय असते ते आठवून पाहा. काझीपणाची किंवा खतीबीची सनद, मशिदीच्या दिवाबत्तीसाठी दिलेल्या इनामाचा कागद, मोडीतील खरेदीखत, फारसी शिक्क्याचा हुकूम, हाताने लिहिलेली दीनी किताब, बोटीवर खलाशी म्हणून गेलेल्या आजोबांच्या नोकरीचा दाखला, आफ्रिकेतून आलेली पत्रे, निकाहाच्या जुन्या नोंदी, तांब्याची देग, आजीचे पानदान. बाजारात यातील बहुतेक वस्तूंना भंगाराची किंमत. परंतु इतिहासकाराला यांतून कळते की आपल्या पूर्वजांनी कोणाकडून जमीन घेतली, कोणती भाषा लिहिली, कोणत्या बंदरातून कोठे गेले, शेजारच्या गावकऱ्यांशी त्यांचे व्यवहार कसे होते. मोडीत लिहिलेल्या व फारसी शिक्क्याच्या एका कागदावर हिंदू पाटलाची साक्ष आणि मुसलमान काझीची मोहर शेजारी शेजारी असेल, तर त्या गावच्या एकोप्याचा याहून मोठा पुरावा कोणता?

माझ्या पाहण्यातील एका घरात असा एक रुमाल होता. घरातील वडीलधारे तो कोणाला उघडू देत नसत. कागद बाहेर गेला तर जमीन जाईल, ही भीती. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या जिल्ह्यावर आले, त्या घराचे कौलारू छप्पर उडाले आणि माळ्यावर रात्रभर पाणी गळत राहिले. आठ दिवसांनी रुमाल सोडला तेव्हा कागदांचा एकच गोळा झाला होता. शाई एका पानावरून दुसऱ्या पानावर उतरली होती. त्यात काय लिहिले होते हे आज त्या घरातही कोणाला सांगता येत नाही. जमीन जाऊ नये म्हणून जपलेला कागद कोणालाच न वाचता गेला. अशी किती घरे असतील? २००५ आणि २०२१ च्या जुलैमधील महाडचे पूर आठवा. पाण्याने धान्य व भांडी नेली त्याची मोजदाद झाली, कागद किती नेले याची कोणी केली नाही.

तर मग आपण करावयाचे काय? विद्यापीठाच्या संग्रहालयाला मदत करणे म्हणजे मोठी देणगी देणेच होय, असे नाही. माझ्या मते सामान्य कुटुंबाला पुढील सहा गोष्टी सहज करता येतील.

पहिली गोष्ट, जाऊन पाहावे. कोलाडहून सुतारवाडी, विळे, ताम्हिणी घाट या मार्गाने पुणे एका दिवसात करून येण्यासारखे आहे. संस्थेला आधी पत्र किंवा दूरध्वनी करून दिवस व वेळ ठरवावी आणि माहिती सांगणारे कोणी मिळेल का हे विचारावे. मुलांना जाण्यापूर्वी वर्गात इनामगावची व चौलची माहिती द्यावी. पालकांनीही बरोबर यावे. ज्या संग्रहालयाला भेट देणारे असतात, त्याची दखल घेणे संस्थेला व सरकारलाही भाग पडते.

दुसरी गोष्ट, माहिती कळवावी. शेत नांगरताना, विहीर खणताना, घराचा पाया काढताना जुने खापर, नाणे, विटा सापडल्या तर त्या तेथून हलवण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे. गाव, शेताचे नाव, किती खोल सापडले हे लिहावे. आपल्या जागेवरून उचललेली वस्तू पुराव्याच्या दृष्टीने निम्मी मुकी होते. १९७४ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील (आजच्या अहिल्यानगर) दायमाबाद येथे एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ हाकणारा माणूस अशा त्या होत्या. चौघींचे वजन मिळून साठ किलोहून अधिक! त्या भंगारात गेल्या असत्या तर भारताच्या प्राचीन कलेतील एक अद्भुत पान कायमचे नाहीसे झाले असते. मशिदीत किंवा दर्ग्यात जुना शिलालेख असल्यास त्यावर चुना वा तैलरंग देऊ नये. अरबी-फारसी शिलालेख वाचणारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची शाखा नागपूरला आहे. तेथे स्वच्छ छायाचित्र पाठवता येते.

तिसरी गोष्ट, कागदाची प्रत द्यावी. ज्यांना मूळ कागद देण्याची भीती वाटते, त्यांनी मूळ घरीच ठेवावा आणि चांगल्या उजेडात, दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून अभ्यासकांना द्यावीत. छायाचित्र दिल्याने कोणाची जमीन जात नाही. उलट उद्या मूळ नष्ट झाले तरी मजकूर शिल्लक राहतो.

चौथी गोष्ट, वस्तू द्यावी; परंतु रीतसर द्यावी. संग्रहालयाच्या माणसांशी आधी बोलावे. प्रत्येक वस्तू त्यांना घेता येईलच असे नाही, त्यात राग मानू नये. घेतली तर ती कायमची दिली की काही मुदतीसाठी, हे लेखी असावे. नोंदवहीतील क्रमांक व पोच मागून घ्यावी. वस्तूबरोबर तिची हकिगतही लिहून द्यावी. कोणाची, कोठून आली, घरात तिचा उपयोग काय होता, हे त्यात असावे. हकिगतीवाचून पानदान हे नुसते पितळेचे भांडे आहे.

पाचवी गोष्ट, आठवणी लिहून घ्याव्यात. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तिच्या हकिगती ज्यांनी वेळीच कोणाला सांगितल्या, तेवढ्याच आज उरल्या आहेत. आपल्या घरातील आजी-आजोबा आज सांगू शकतात, त्यांना आज विचारावे. जहाजावरील नोकरी, भातशेती, मुंबईतील खोली, गावचा उरूस, लग्नातील गाणी, जे आठवेल ते. सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने एका वडीलधाऱ्या माणसाची मुलाखत तारीख घालून वहीत उतरवली, तर एका वर्षात आपल्या शाळेत केवढा खजिना जमेल!

सहावी गोष्ट, मुलांना वाचणारे करावे. आपल्या पूर्वजांचे कागद आपल्याला वाचता येत नाहीत, ही शरमेची नव्हे पण दुःखाची गोष्ट निश्चित आहे. मोडी लिपीचे प्रशिक्षण राज्याच्या पुराभिलेख खात्यामार्फत दिले जाते. उर्दू जाणणाऱ्या मुलाला फारसी लिपी अर्धी आलेलीच असते. मोडी आणि फारसी दोन्ही वाचू शकणारी माणसे महाराष्ट्रात फार थोडी आहेत. आपल्या मुलामुलींना येथे मोठी वाट मोकळी आहे. पदवीनंतर डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे शिक्षण घेता येते. केवळ डॉक्टर-इंजिनिअर या दोनच शब्दांत मुलांचे भविष्य पाहणाऱ्या पालकांनी याचाही विचार करावा.

जतनाच्या बाबतीत थोडे सांगतो. जुना कागद लॅमिनेट करू नये. त्याची उष्णता कागदाला बाधते आणि ते प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये, तिचा डाग कायम राहतो. नाणी चिंचेने किंवा राखेने घासून चकचकीत करू नयेत. त्याने अक्षरे झिजतात. कागद कोरड्या, स्वच्छ सुती कापडात बांधून गळणाऱ्या कौलापासून आणि ओल्या भिंतीपासून दूर ठेवावेत.

कायद्याचीही माहिती असावी. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते यांना संरक्षण दिले आहे. त्या खाजगी रीतीने परदेशी नेता येत नाहीत. परदेशी नोकरीस असलेल्या आपल्या बांधवांनी हे ध्यानात ठेवावे. किल्ल्यांवर व लेण्यांत स्वतः खणणे हा तर गुन्हाच होय.

सर सय्यद अहमद खान यांचे नाव आपल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत आदराने घेतले जाते. अलीगढला कॉलेज काढण्यापूर्वी कितीतरी वर्षे, १८४७ मध्ये, त्यांनी दिल्लीच्या जुन्या इमारतींवर ‘आसार-उस्-सनादीद’ हा ग्रंथ लिहिला. त्यासाठी त्यांनी इमारतींवरचे शिलालेख स्वतः उतरवून घेतले. त्यांनी जमवलेल्या प्राचीन मूर्ती अलीगढ विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत. आपल्या धर्माच्या नव्हेत म्हणून त्या त्यांनी टाकल्या नाहीत. या देशाचा सारा भूतकाळ आपला मानला. शिक्षणाचा पाया घालणाऱ्या माणसाने जुन्या दगडांची एवढी काळजी का घेतली, याचा विचार आपण करावा.

पालकहो, येत्या पावसाळ्यापूर्वी एक दिवस काढा. माळ्यावरची पेटी खाली घ्या. मुलांना जवळ बसवा आणि रुमाल सोडा. जे वाचता येईल ते वाचा, जे येणार नाही त्याची छायाचित्रे काढा आणि शाळेत घेऊन या. ती कोणत्या अभ्यासकाकडे किंवा कोणत्या संग्रहालयाकडे पाठवावीत, हे आम्ही शिक्षक पाहू. उद्या रायगड जिल्ह्याचा इतिहास कोणी नव्याने लिहील, तेव्हा त्याच्या पानांत कोलाड-रोहे परिसरातील आपल्या घरांची नावे असावीत, एवढीच इच्छा आहे.